काळोखाची राखण

नोकरीत काय करत होता असं कुणी विचारलं की मी सांगते, काळोख राखत होते. माणसं हसतात. पेन्शनच्या रांगेत एका बाईनं तर विचारलं, "म्हणजे वीजखात्यात होता?" आता काय बोलायचं! गोव्यात, साखळीच्या बाजूच्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळा मदतनीस होते. त्यातली बरीच वर्षं एकाच खोलीत गेली, आणि ती खोली भर दुपारी बारा वाजतासुद्धा काळीकुट्ट ठेवायची हे माझं मुख्य काम. संपादकांनी पत्र पाठवलं, "कामातल्या गमतीजमती लिहा." गमती लिहीन की. पण एक गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे आणि ती सांगायला मला चौदा वर्षं लागली. ती लिहायची म्हणूनच हो म्हटलं.

आधी काम समजावते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

जिवंत वस्तू उजेड देते. काजव्याचं सांगत नाही मी. साधं पान, मोड आलेलं कडधान्य, तुमचा तळहात, सगळं. हा उजेड इतका कमी की काळोखात तासभर डोळे फाडून बसलात तरी दिसायचा नाही. तो पकडायला एक काचेची नळी लागते. उजेडाचा एक कण तिच्यावर पडला की ती एक ठोका देते, आणि बाजूच्या यंत्रावर आकडा एकानं वाढतो. पेशी अन्न जाळते, त्या जळण्यात असे चार कण बाहेर सांडतात. इथपर्यंत शास्त्रज्ञांत भांडण नाही. भांडण पुढं आहे.

ते आमच्या परब सरांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. मी तेव्हा अकरावी पास, नव्यानं लग्न होऊन नार्व्याला आलेली, विज्ञानाशी माझं देणंघेणं एवढंच की दूध का नासतं ते माहीत होतं.

"आनंदी, शेजारच्या घरातून धूर आला तर तुला काय कळतं?"

"चूल पेटली म्हणून."

"तुला कळावं म्हणून शेजारणीनं तो सोडला का?"

"नाही हो. तो आधी तिच्याच डोळ्यात जातो."

"झालं तर. लोक म्हणतात पेशीचा उजेड म्हणजे असा धूर आहे. आहे खरा, पण कुणी कुणाला पाठवलेला नाही. मला बघायचंय की तो निरोप आहे का. एक पेशी मरायला लागली तर शेजारची ते उजेडातून ऐकते का."

ह्या एका प्रश्नापायी त्या माणसानं आयुष्य घातलं. सर मूळचे पेडण्याचे. आठवडाभर साखळीत खोली घेऊन राहायचे, शनिवारी दोन बसगाड्या बदलून घरी. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकातलं. पण रागावले किंवा हरखले की पुस्तक गळून पडायचं आणि आतला पेडणेकर बाहेर यायचा. मी त्यावरूनच ओळखायची, आज जपून राहायचं की नाही.

आता काळोख राखणं म्हणजे काय? दार लावून दिवा घालवला की झाला काळोख, असं तुम्हांला वाटत असेल. शक्यच नाही! जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, मी काळा कागद लावला, त्यावर काळं कापड, त्यावर परत कागद. तरी कुठूनतरी सुईएवढा उजेड घुसायचाच. दाराखालच्या फटीला जुनं गोधडं. आत एक तांबडा मिणमिणता दिवा, तोही मोजणी सुरू झाली की बंद. नळीला वीज चालू असताना पेटी चुकून उघडली तर नळी जळून जाते, आणि तशी दुसरी मिळायला वर्ष लागतं. म्हणून पेटीच्या झाकणाला मी माझ्या आईनं दिलेलं घुंगरू बांधलं होतं. झाकण हललं की वाजायचं. प्राचार्य म्हणाले, हे प्रयोगशाळेत शोभत नाही. म्हटलं, नळी जळलेली शोभते का? घुंगरू राहिलं.

नळी गार ठेवावी लागते. तापली की उगाच ठोके देते, कुणी नसताना दार वाजवल्यासारखे. बर्फ आणायची मी बाजारातून, मासळीवाल्या बाईकडून. त्यामुळं आमच्या त्या सूक्ष्म संशोधनाला कायम बांगड्याचा वास. आणि धूळ! त्या दिवसांत खनिजाचे ट्रक रस्त्यावरून नुसते धावत असायचे. सकाळी पुसलेली पेटी दुपारी तांबडी. दिवसातून चारदा ओल्या फडक्यानं पुसायची. माझी बोटं बत्तीस वर्षं तांबडी होती, मेंदी लावायची गरजच नव्हती.

बी वापरायचो अळसांद्याचं, आमच्याकडची ती मोठी चवळी. सर पेडण्याहून आणायचे. मोड काळोखातच आणायचे, कारण उजेडात ठेवलेलं रोप पेटीत घातलं तर खाल्लेला उजेड ते कितीतरी वेळ ओकत राहतं, आणि मग त्याचा स्वतःचा कुठला आणि बाहेरचा कुठला ते कळत नाही.

खुद्द पेटी म्हणजे लाकडाची, आतून काळी, दोन खणांची. उजव्या खणात निरोगी मोड, त्यांच्यासमोर नळी. डाव्या खणात आजारी मोड. सर त्यांना मिठाचं पाणी घालून आजारी पाडायचे. मधल्या भिंतीला झरोका, त्यात खाच. खाचेत काळी पट्टी सरकवली की दोन्ही खण एकमेकांना मुके. पट्टी काढून खास काच सरकवली की उजेड जाईल, पण हवा, वास, पाणी काही जाणार नाही. मग बघायचं, काच लावल्यावर आकडा वाढतो का. डावीकडच्यांचा स्वतःचा उजेड काचेतून किती पाझरतो ते सरांनी आधी मोजून ठेवलं होतं, तेवढा वजा करायचा. त्याहून जास्त भरला तर निरोगी मोडांनी आजाऱ्यांचं ऐकलं, असा अर्थ. आणि दर सकाळी रिकामी पेटी मोजायची, आत चोरउजेड नाही ना हे बघायला. ते काम माझं. रिकामी पेटी मोजताना काळी पट्टी खाचेत असायची. तशी पद्धतच होती. ही पट्टी लक्षात ठेवा.

असल्या खोलीकडं माणसं येणारच. एक भटजी आले, म्हणाले, "माझ्या डोक्याभोवतालचं तेज मोजा." सरांनी त्यांचा हात पेटीत घालून मोजला आणि आकडा सांगितला. मग माझाही मोजला, तो जास्त भरला. भटजी चहा न घेता गेले. पण एक माणूस आला तो मी विसरले नाही. नार्व्याचाच म्हातारा शेतकरी, मला ओळखून आला होता. हातात भाताची मूठभर रोपं, मुळांना अजून चिखल, पात्यांवर तांबडा थर.

"ह्या भाताचो उजेड मोजा," तो सरांना म्हणाला, "आनी कागदार लिवन दिया, ह्या धुळीन मेला म्हणान."

सरांनी खरंच मोजला. आकडा चढत गेला. मरणारं पान जास्त उजेड देतं, जाता जाता. पण सर म्हणाले, "बाबा, हे मरतंय एवढं यंत्र सांगतं. कशानं मरतंय ते सांगत नाही. मी लिहून कसं देऊ?"

म्हाताऱ्यानं रोपं परत हातात घेतली. "म्हणजे मरताना बोलता, पण काय बोलता ता कोणाक कळणा नाय," तो म्हणाला. "आमचा पण तसाच, सर." रोपं पिशवीत घालून तो चालत गेला. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

आता दसऱ्याकडं येते.

आमच्या घरी नवरात्रात देवाच्या खोलीत रुजवण घालतात. पत्रावळीवर माती, त्यात नऊ धान्यं, वर टोपली झाकून काळोखात ठेवायचं. नऊ दिवसांत पिवळीधमक पाती वर येतात. मग ती देवाला, माणसांना, हत्यारांना वाहायची. रुजवण घालायचे ते आमचे हे. वारुळाची माती स्वतः आणायचे, चाळायचे, बी मोजून पेरायचे. खाणीवर ट्रक चालवणारा माणूस, पण त्या नऊ दिवसांत हात असा हळू चालायचा की बघत राहावं. मी पेटीच्या गोष्टी सांगायची त्या त्यांना भारी आवडायच्या.

"काळोखात वाढयतास, काळोखात मोजतास. मगे तुमची ती पेटी म्हणजे आमची रुजवणच मगो," म्हणायचे. आणि एका खंडेनवमीला मी निघताना त्यांनी चार काड्या उपटून माझ्या हातावर ठेवल्या. "त्या काळ्या पेटीक पण व्हर गो. सगळ्यांक मिळता, तिना काय पाप केल्यान?"

खंडेनवमीला कॉलेजात यंत्रांची पूजा असायचीच. सूक्ष्मदर्शकाला फूल, तराजूला फूल, अगदी घंटेलासुद्धा. सर देव मानत नसत, पण हात जोडून उभे राहायचे. मी पेटीला हळदकुंकू लावलं. काड्या वर ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी झाडूवाली उचलून टाकणार. आणि खरं सांगू? मला वाटलं, हिचा देव आत काळोखातच असणार. मग डाव्या खणाच्या वरच्या बाजूला, लाकडाच्या बेचक्यात, त्या चार काड्या मी खोवल्या. बेचकं बाहेरून दिसत नाही, हात घालून चाचपलं तरच कळतं.

ते भाषेच्या आंदोलनाचं वर्ष होतं. रस्त्यांवर झाडं आडवी, बस बंद, आज कुठं दगड पडले ते सकाळी पोदेर पावाबरोबर सांगायचा. स्टाफरूममध्ये एका टेबलाला मराठीवाले, एकाला कोंकणीवाले. चांगली एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं मान वळवून चालायची. सर वही मराठीत लिहायचे आणि घरी पेडण्याचं बोलायचे, त्यामुळं दोन्ही टेबलांवर त्यांना टोमणे. एकजण म्हणाला, "परब, तुमचे ते मोड कुठल्या भाषेत बोलतात, ते आधी ठरवा." सगळे हसले. सरही हसले, पण खोलीत येऊन म्हणाले, "बोलतात का तेच अजून कळलं नाही आणि ह्यांना भाषा हवी."

दसऱ्यानंतर कसेबसे चालत कॉलेजात पोचलो आणि मोजणी सुरू केली. काळी पट्टी, जुनाच आकडा. काच, आकडा वर. परत पट्टी, खाली. परत काच, वर. सरांनी अकरा वेळा करून बघितलं. मी बाजूला उभी. काळोखात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आनंदी," ते म्हणाले, "आयकतत गो! ती आयकतत!"

पेडण्याचं बोलले. मला रडू आलं. सहा-सात दिवस आकडा वर राहिला, मग हळूहळू उतरला आणि बसला. दिवाळीच्या साफसफाईत मी त्या वाळलेल्या काड्या बेचक्यातून ओढून टाकल्या. मनात काय होतं सांगू? गर्व. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, "देवीनं यश दिलं. तुमच्या काड्या लागू पडल्या." हे फुगून गेले.

मग दर वर्षी मी चार काड्या घालायची. दर वर्षी दसरा झाला की आकडा वर, आठवड्यानं खाली. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. मार्गशीर्षात करून बघितलं, चैत्रात केलं, काही नाही. सरांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: "आश्विनातच का?" हवेतला ओलावा, दिवसाची लांबी, बियाण्याचं वय, किती काय तपासलं. शेवटी त्यांनी मानलं की बीजाला ऋतू कळतो आणि आश्विनातच ते शेजाऱ्याचं ऐकतं. तसा लेख लिहिला. तो वाचून मुंबईकडच्या एका मोठ्या संस्थेतले दोघे शास्त्रज्ञ म्हणाले, आम्ही येऊन बघतो. पटलं तर सरांना तिकडं बोलावून मोठी प्रयोगशाळा देणार होते. सरांनी कळवलं, आश्विनात या.

त्या श्रावणात आमचे हे गेले. सकाळी ट्रक घेऊन निघाले, घाटाखाली गाडी नीट बाजूला लावली आणि चाकावर डोकं टेकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. बेचाळिसावं चालू होतं. मुलगी चौथीत.

सर घरी आले होते. ओट्यावर दुपारभर बसून राहिले. महिन्याभरानं मी कामावर गेले. काळोखाची खोली त्या दिवसांत मला बरी वाटायची, तिथं तोंड लपवावं लागत नसे. घरात वर्षभर सण नव्हता. नवरात्र आलं, देवाची खोली तशीच बंद. रुजवण घातली नाही. खंडेनवमीला मी कॉलेजात गेले नाही.

दसऱ्यानंतर पाहुणे आले. दोघंही भली माणसं. पट्टी, काच, पट्टी, काच. आकडा जागचा हलेना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सरांनी नवे मोड घेतले, नवा बर्फ आणवला, नळी पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला वयानं मोठा होता तो सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यंत्रं कधी रुसतात." तो हात सरांना किती जड झाला असेल!

सर माझ्याकडं वळले. "आनंदी, यंदा काय वेगळा केलंस गो?"

"काहीच केलं नाही, सर."

बोलले आणि तेच शब्द परत मनात म्हटले. काहीच केलं नव्हतं. खरंच, यंदा काहीच केलं नव्हतं. पाहुणे चहाला गेले तसं मी पेटी उघडली, डाव्या खणात हात घालून बेचकं चाचपलं. बोटाला बारीक वाळके धागे लागले, गेल्या वर्षीच्या काड्यांची तुटून राहिलेली टोकं. मग हिशेब लागला. काळी पट्टी असली की त्या काड्यांचा उजेड अडायचा. काच आली की नळीपर्यंत पोचायचा. रिकामी पेटी मोजताना पट्टी खाचेत, म्हणून कधी दिसलाच नाही. सुकत, मरत जाणाऱ्या चार काड्या आठवडाभर उजेड देत होत्या आणि सर समजत होते की मोड ऐकतायत. अळसांदे मुकेच होते. उजेड माझ्या घरच्या रुजवणीचा होता. ते धागे मी आगपेटीत घातले आणि आगपेटी पोलक्यात.

तेव्हाच सांगायला हवं होतं. चहाचे कप अजून टेबलावर होते. दार उघडून चार शब्द बोलायचे होते. मी नाही बोलले. नोकरी जाईल ही भीती होती, पदरात पोर. पण तेवढंच नव्हतं. दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी बोंब ठोकली असती, माझा स्वभाव तसाच. पण ह्या काड्या त्यांच्या हातच्या होत्या. जाऊन दोन महिने झालेल्या माणसाच्या हातच्या. त्यांच्यामुळं सरांचं वाटोळं झालं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

पाहुणे गेले. संस्थेचं पत्र आलं, दोन ओळींचं, सभ्य. सर म्हणाले, "पुढच्या आश्विनात बघू."

पुढच्या वर्षी मुलीनं हट्टानं रुजवण घातली, बापाचं बघून शिकलेली. मी चार काड्या पानात गुंडाळून पर्समध्ये घातल्या. यंत्राला कुंकू लावायला तेव्हा शिपाई पुढं झाला, मी मागं उभी. सगळे गेल्यावर पेटीपुढं आले. काड्या हातात. बेचक्यात सारल्या की उद्या सर परत हसणार, परत पेडण्याचं बोलणार. घुंगरू धरून मी झाकण उचललं आणि तशीच उभी राहिले. मग झाकण खाली ठेवलं, काड्या पेटीच्या वर ठेवल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी झाडूवालीनं उचलल्या. खोटं घालायची हिंमत झाली नाही आणि खरं सांगायचीही झाली नाही. मी अशी मधल्यामध्ये राहिले.

सर अकरा आश्विन थांबले. बढती नाकारली, कारण तिथं काळी खोली नव्हती. मुलं त्यांना मागून दसरासर म्हणायची. दर आश्विनात तेच, पट्टी, काच, आकडा जागच्या जागी, आणि शेजारी मी, बर्फ घेऊन. एकदा मला म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय, आनंदी. ती बोलत होती. मी ऐकलं होतं." मी फडकं घेतलं आणि पुसलेली पेटी परत पुसली.

ते निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी मला कळलं की त्यांची तब्येत खालावली आहे. मी पेडण्याला गेले. सर ओट्यावर आरामखुर्चीत, अंगात काही राहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नीनं, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, पाणी दिलं. मी पाणी तसंच ठेवलं आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. काड्या, बेचकं, पट्टी, सगळं. आगपेटी त्यांच्या हातात दिली.

त्यांना कळायला वेळ लागला. मग चेहरा तांबडा झाला.

"चौदा वर्सां? चौदा वर्सां तू गप रवलंस? माजी अकरा वर्सां खाल्लंस गो तू!"

वहिनी धावत बाहेर आल्या. मी मान खाली घालून बसले. बोलू देत, म्हटलं मनात. मारलं असतं तरी चाललं असतं. पण ते थांबले. खोकल्याची उबळ आली, गेली. मग त्यांनी आगपेटी उघडली, ते धागे उजेडात धरले आणि पुस्तकी मराठीत विचारलं, "खोवलेल्या कुठल्या बाजूला? झरोक्यापासून किती बोटांवर?"

मी सांगितलं.

"देठ ओले असायचे की सुके?"

"ओले. त्याच सकाळी उपटलेल्या."

"मग बरोबर आहे. सात दिवस पुरतील," ते म्हणाले. डोळे मिटून मनातल्या मनात कसलातरी हिशेब मांडला असावा. मग विचारलं, "पाहुणे आले त्या वर्षी का घातल्या नाहीस?"

"रुजवणच नव्हती घरात. घालायचे ते हे."

सरांनी धागे परत आत ठेवले. आगपेटी बंद करून त्यांनी माझ्या हातात परत दिली. "ही तुझी. ठेव," म्हणाले. वहिनींना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर दुसरंच बोललो, माझ्या मुलीच्या नोकरीचं, पेडण्याच्या रस्त्याचं.

दोन महिन्यांनी सर गेले. दिवस झाल्यावर वहिनींनी कुणाबरोबर तरी एक पुडकं पाठवलं. आत प्रयोगाची वही. "तुला द्यायला सांगितलंय," एवढंच लिहिलेलं.

मी पानं उलटत गेले. मोड ऐकतात की नाही, ह्या प्रश्नापुढं त्यांनी लिहिलं होतं: "माहीत नाही. आम्हांला ते कधीच मोजता आलं नाही." आकडा चढला त्या तीन आश्विनांच्या पानांवर बारीक अक्षरात शेरा होता: "रुजवणीच्या चार काड्या, डावा खण, वरचं बेचकं." मग पाहुणे आले त्या वर्षीचं पान. जुन्या, ठसठशीत अक्षरात: "आकड्यात वाढ नाही. कारण: अज्ञात." त्यातल्या 'अज्ञात'वर एक आडवी रेघ मारलेली होती. पुढं हात थरथरून वेडंवाकडं झालेलं नवं अक्षर होतं:

"आनंदीचे यजमान श्रावणात वारले."